फ्रीजरमध्ये काय उकळतंय?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी चौथीत आहे. तिने विचारलं, फ्रिजमध्ये थंडी कुठून येते? तुम्ही तिला एक व्हिडिओ दाखवलात. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी ही नावं तिने धडाधड पाठ केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध काढताना विचारलं, "आई, थंडी संपली की परत भरतात का?" आता वर्गाच्या भित्तिपत्रकासाठी याच विषयावर दोन पानं लिहून द्यायची आहेत आणि ती सोप्या भाषेत कशी लिहावीत, असं तुम्ही विचारलंय.

मी एकतीस वर्षं फ्रिज आणि एसी दुरुस्त केले. आता दुकान मुलगा बघतो आणि मी शनिवारी दुपारी कॉलनीतल्या पोरांना भंगारात निघालेल्या वस्तू उघडून दाखवतो. त्यावरून सांगतो, तुमची भाषा पुरेशी सोपी आहे. अडलंय ते मुलीच्या प्रश्नातच. तिला वाटतंय की थंडी ही एक वस्तू आहे, पाण्यासारखी टाकीत साठणारी. मग ती संपणार, भरावी लागणार. तिचा दुसरा प्रश्न अगदी तर्काला धरून आहे! व्हिडिओने तो गैरसमज तसाच ठेवला आणि वर नावांचा ढीग रचला.

तिचा तरी काय दोष? आपण बोलतोच तसं. थंडी पडते, थंडी वाजते, थंडी हाडात शिरते, फ्रिजचं दार उघडं राहिलं की आपण ओरडतो, "बंद कर, थंडी बाहेर जातेय." खरं तर बाहेरची उष्णता आत जात असते. थंडी नावाची वस्तूच नाही. उष्णता असते, आणि ती निघून गेली की जे उरतं त्याला आपण थंड म्हणतो. हे वाक्य मुलांना नुसतं सांगून उपयोग नाही. ती मान डोलावतात आणि विसरतात. मी आधी गोधडी काढतो.

बर्फाचे दोन सारखे खडे घ्यायचे, दोन वाट्यांत ठेवायचे. एक वाटी उघडी ठेवायची, दुसरी जाड गोधडीत गुंडाळायची. आधी विचारायचं, कुठला बर्फ लवकर वितळेल? जवळजवळ सगळी पोरं म्हणतात, गोधडीतला, कारण गोधडी गरम असते. अर्ध्या तासाने उघडून बघायचं. गोधडीतला शिल्लक असतो, उघड्यावरच्याचं पाणी होत आलेलं असतं. एकदम शांतता. गोधडी गरमही करत नाही आणि गारही करत नाही, ती उष्णतेला अडवते. मग ती आपल्या अंगातून बाहेर जाणारी असो की बर्फाकडे जाणारी. इथे मी १८३३ सालची गोष्ट सांगतो. त्या वर्षी अमेरिकेतल्या बॉस्टनहून तळ्यातला बर्फ कापून जहाजाने कोलकात्याला आणला होता. निघताना सुमारे १८० टन होता, चार महिने उष्ण समुद्रातून प्रवास करून पोचला तेव्हा १०० टनांच्या आसपास शिल्लक होता. जहाजात कुठलंही यंत्र नव्हतं, होता झाडाच्या सालीचा सुका भुसा आणि फळ्या. पुढे मुंबईलाही असाच बर्फ येऊ लागला. फ्रिजच्या भिंतीत जो फोम भरलेला असतो, त्याचं काम या भुशाचंच. इथपर्यंत आलं की मुलांना कळतं, भिंत फक्त अडवते. आत शिरलेली उष्णता बाहेर काढायला कोणीतरी लागणार. आणि मग मुलीचा प्रश्न बदलतो: "थंडी कुठून येते"ऐवजी "उष्णता बाहेर कशी जाते". या प्रश्नाला उत्तर आहे, पहिल्याला नव्हतंच.

पुढे किती खोलात जायचं हे मुलाच्या वयावर आणि घरातल्या फ्रिजवर अवलंबून आहे. पहिली-दुसरीतल्या मुलाला गोधडी आणि माठ एवढंच पुरे. चौथी-पाचवीत दाबाची कल्पना पेलते, पण हाताने केली तरच. सातवी-आठवीतल्यांना रेणूंची भाषा चालते. चौथीत ती आणलीत तर पुन्हा पाठांतर सुरू होईल. फ्रिजचंही तसंच. एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये फ्रीजरचा डबा हाच थंड होणारा भाग, त्याच्या पत्र्यालाच नळ्या असतात, हात लावून दाखवता येतं. फ्रॉस्ट फ्री असेल तर त्या नळ्या पॅनेलच्या मागे लपलेल्या असतात आणि पंखा गार हवा फिरवतो. मुलांना वाटतं पंख्यानेच थंड होतं. तुमच्याकडे तसा असेल तर पंख्याबद्दल एक ओळ आवर्जून लिहा.

आता माठ. एप्रिल-मेमध्ये माठातलं पाणी गार का होतं, हे प्रत्येक मूल सांगतं: "छिद्रं असतात म्हणून." बरं, पण छिद्रांनी काय होतं? पाणी बाहेर झिरपतं आणि उडून जातं. आणि पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती ते माठाकडून आणि आतल्या पाण्याकडून उचलतं. हातावर ओला रुमाल फिरवून फुंकर मारली की हेच जाणवतं. मोठ्यांसाठी एक हिशेब सांगतो, मला स्वतःला तो फार आवडतो: चहाच्या एका चमच्याएवढं, म्हणजे पाच ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना जेवढी उष्णता नेतं, तेवढी एक लिटर पाण्यातून काढली तर ते जवळजवळ तीन अंशांनी उतरतं. एका चमच्यात! म्हणून नागपूर-अकोल्याकडे कूलर झकास चालतो. मुंबईत हवाच ओली, पाणी उडतच नाही, तिथे कूलर नुसता चिकचिक करतो.

मग फ्रिजमध्ये माठच का ठेवत नाहीत, असं एखादं पोर विचारतंच. विचारलं नाही तर मीच विचारतो. कारण पाणी उडून गेलं की गेलं, सारखं भरत बसावं लागतं, आणि माठ कितीही चांगला असला तरी बर्फ करत नाही. आपल्याला असा माठ हवाय ज्यात उडालेलं परत पकडून आणता येईल. हे एक वाक्य तुमच्या पानावर ठळक लिहा. फ्रिज म्हणजे उडालेलं परत आणणारा माठ.

यापुढची पायरी सगळ्यांत अवघड. बहुतेक पुस्तकं इथे उडी मारतात आणि मूल मागे राहतं. पायरी अशी: उकळणं आणि गरम असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी १०० अंशांना उकळतं हे मुलांनी इतकं ऐकलेलं असतं की उकळतंय म्हणजे चटका बसणार, हे त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. पण १०० हा आकडा समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाचा. लेहमध्ये हवा विरळ, दाब कमी, तिथे पाणी साधारण ८८ अंशांनाच उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. उलट आपल्या कुकरमध्ये वाफ कोंडून दाब वाढतो, म्हणून आत पाणी १२० अंशांच्या आसपास गेल्याशिवाय उकळत नाही आणि तीच डाळ तीन शिट्ट्यांत होते. दाब वाढवला तर उकळणं लांबतं, दाब कमी केला तर लवकर येतं.

हे सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. औषधाच्या दुकानातून २० मिलिलिटरची सिरिंज आणा, सुईशिवाय. पाणी एकदा उकळून घ्या आणि ६०-७० अंशांपर्यंत निवू द्या. म्हणजे बोट बुडवलं तर पटकन काढावंसं वाटेल, पण बुडबुडा एकही नाही. पाच मिलिलिटर ओढून घ्या, टोक वर धरून आतली हवा काढून टाका, टोकावर खोडरबर घट्ट दाबा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाणी खळखळ उकळतं. दट्ट्या सोडला की थांबतं. गरम पाणी तुम्ही हाताळा, दट्ट्या मुलीला ओढू द्या. आणि पाणी आधी उकळून घ्यायला विसरू नका. मी पहिल्यांदा नळाचंच पाणी नुसतं गरम करून घेतलं होतं, तर एक मुलगा म्हणाला, "काका, ही तर पाण्यातली हवा निघाली." तो निम्मा बरोबर होता. पुढच्या शनिवारी उकळलेलं पाणी घेऊन त्याच्यापुढे बसावं लागलं.

आता पाण्याच्या जागी असं काहीतरी घ्या की जे मुळातच फार लवकर उकळतं. ते घरातच आहे. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो, दाबाखाली कोंडलेला. सिलिंडर हलवला तर आत डुचमळतं ना, तेच. लग्नकार्यात आचारी मोठी शेगडी तासभर पेटवतात तेव्हा सिलिंडरच्या खालच्या भागाला घाम फुटलेला दिसतो. आत द्रव भराभर उकळत असतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता लोखंडातून ओढतो, लोखंड गार पडतं, हवेतली वाफ त्यावर दव होऊन बसते. दव जिथपर्यंत, तिथपर्यंत द्रव. हे मुलांना लांबून दाखवा, हात लावायला सांगू नका. हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये याच कुळातला आयसोब्युटेन भरलेला असतो. आपण त्याला आर-६००ए म्हणतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो, दाब आणखी उतरवला की त्याहून खाली. आणि किती असतो? पन्नास ग्रॅमच्या आसपास, छोट्या फ्रिजमध्ये त्याहूनही कमी. एवढ्याशावर सगळा कारभार.

तेव्हा फ्रिजची गोष्ट अशी. कॅपिलरी नावाच्या केसासारख्या बारीक नळीतून द्रव फ्रीजरच्या रुंद नळ्यांत येतो. तिथे कॉम्प्रेसर नावाचा पंप पलीकडून वाफ ओढत असतो, म्हणून दाब कमी; तुमच्या मुलीने दट्ट्या मागे ओढला तसं. द्रव उकळायला लागतो. उकळायला उष्णता हवी, ती भाजी-दुधाकडून, आतल्या हवेकडून घेतो. झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घेतो आणि दाबतो. दाबली की ती तापते. सायकलचा पंप मारताना त्याचं खालचं टोक गरम लागतं, ते मुलांना माहीत असतं. ती तापलेली वाफ बाहेरच्या नळ्यांत जाते, स्वयंपाकघराच्या हवेपेक्षा ती गरम असल्यामुळे उष्णता आपोआप बाहेर जाते, वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि परत कॅपिलरीच्या तोंडाशी. जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी असायची, तीच ही जागा, म्हणजे कंडेन्सर. नव्यात नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात, म्हणून फ्रिजच्या कुशी कोमट लागतात. लोक घाबरून फोन करतात, "फ्रिज तापलाय." तापायलाच हवा, आतली उष्णता तिथूनच निघते.

यातली एक गोष्ट बहुतेक ठिकाणी उलटी लिहिलेली सापडते: "गॅस दाबला की थंड होतो." अहो, दाबला की तापतो! दाबायचा तो याचसाठी, की ३५ अंशांच्या स्वयंपाकघरातही त्याला उष्णता टाकता यावी. उष्णता स्वतःहून गरमाकडून गाराकडे जाते, पाणी उताराकडे जातं तशी. उलटं न्यायचं तर उपसावी लागते.

उपसणं म्हटलं की मला रहाट आठवतो. गाडगी रिकामी खाली जातात, विहिरीत भरतात, वर येऊन पाटात ओततात आणि पुन्हा रिकामी खाली. फ्रिजमधला गॅस म्हणजे ती गाडगी, उष्णता म्हणजे पाणी, आणि वीज म्हणजे रहाट ओढणारा बैल. कोकणातल्या मुलांपुढे हा रहाट चालतो, शहरातल्यांपुढे मी दोन बादल्या आणि दोरी घेतो. उपमा कुठे मोडते तेही सांगून टाका: गाडगं भरो की रिकामं होवो, गाडगंच राहतं. इथे मात्र गाडगंच द्रवाचं वाफ आणि वाफेचं द्रव होत असतं. मुलं यावर हसतात आणि लक्षात ठेवतात.

पूर्वी मी "कॉम्प्रेसर म्हणजे फ्रिजचं हृदय" असं सांगायचो. सगळेच सांगतात. एका मुलीने विचारलं, "मग हृदय बाहेर आणि गरम का? ते तर आत, थंडीत असायला हवं." मला उत्तर सुचेना, कारण हृदय म्हणून मी काहीच समजावलं नव्हतं, फक्त महत्त्व सांगितलं होतं. तेव्हापासून ते बंद केलं. त्याच दिवशी आणखी एक धडा मिळाला. बोलता बोलता मी म्हणालो, "याचा गॅस संपलाय." ती लगेच, "संपला म्हणजे? तो तर गोल फिरतो ना?" बरोबर आहे. पेट्रोलसारखा तो जळत नाही. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. आमच्या धंद्यात दर उन्हाळ्यात "गॅस संपला, भरून देतो" म्हणणारे आहेत, आणि मीही गळती न शोधता हे वाक्य कधीच टाकलं नाही असं नाही. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे: काही भरत नाहीत, कारण काही संपत नाही. बाहेरून सतत येते ती वीज, ओढणाऱ्या बैलासाठी.

म्हणजे तुमच्या पानाचा क्रम असा होईल: गोधडी, माठ, कुकर आणि सिरिंज, मग फ्रिज. नावं सगळ्यांत शेवटी, आणि दोनच. मी लिहिलं असतं तर सुरुवात काहीशी अशी केली असती:

"आज रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात जा. दिवा लावू नका. फ्रिजची घरघर चालू असेल. ती थांबेपर्यंत वाट बघा. थांबली? आता कान लावा. आतून बुडबुड, बुडबुड असा आवाज येईल, कोणीतरी हळूच चहा ठेवल्यासारखा. हा भास नाही. तुमच्या फ्रिजच्या नळ्यांमध्ये खरोखरच काहीतरी उकळतंय, आणि ते बर्फापेक्षाही गार आहे. उकळणारी वस्तू गार कशी? आपल्या माठाला विचारू या."

हा आवाज बहुतेक फ्रिजमध्ये येतो, काहींत फार बारीक असतो. लिहिण्याआधी तुमच्या फ्रिजला कान लावून बघा. ऐकू आला नाही तर हा परिच्छेद गाळा आणि कोमट कुशीपासून सुरू करा. वाचणाऱ्याने घरी जाऊन पडताळलं आणि तसं निघालं नाही, तर त्याचा पुढच्या ओळींवरचाही विश्वास जातो. पडताळणी बाहेरूनच, मागचं झाकण मुलांनी उघडायचं नाही, तिथे वीज आहे. आणि फ्रीजरमधला बर्फ सुरीने खरवडायचा नाही, हे मुलांपेक्षा मोठ्यांसाठी. माझ्याकडे आलेल्या भोक पडलेल्या फ्रीजरांमागे बहुतेक वेळा एक सुरी असायची.

पानाच्या तळाशी एक प्रश्न उत्तराशिवाय सोडा: खोलीची दारं-खिडक्या बंद करून फ्रिजचं दार उघडं ठेवलं, तर खोली गार होईल का? मुलं भांडतील, भांडू द्या. तुमच्यापुरतं उत्तर असं की खोली उलट तापेल. आतून उचललेली उष्णता त्याच खोलीत मागून बाहेर पडते, आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली वीजही शेवटी उष्णताच होते. एसी गार करतो कारण त्याचा गरम भाग खिडकीबाहेर असतो. आणखी एक प्रश्न येईल: वीज गेली आणि लगेच आली तर तीन मिनिटं थांबायला का सांगतात? कॉम्प्रेसरच्या एका बाजूला दाब अजून चढलेला असतो, कॅपिलरी इतकी बारीक की तो उतरायला वेळ लागतो. तेवढ्यात मोटर सुरू झाली तर ती नुसती कण्हते आणि "टक्" आवाज करून ओव्हरलोड, म्हणजे मोटर वाचवायला वीज तोडणारा खटका, पडतो. सिरिंज ओढलेल्या मुलीला हे सांगावं लागणार नाही, ती स्वतःच जुळवेल.

पान लावण्याआधी तिलाच मोठ्याने वाचायला द्या. जिथे ती अडखळेल किंवा मध्येच वर बघेल, तिथे पेन्सिलने खूण करा. मला वाटतं दाबाच्या परिच्छेदाशी अडखळेल. तसं झालं तर वाक्यं बदलत बसू नका, पुन्हा पाणी गरम करायला ठेवा.